शास्त्रातल्या शब्दाचा अर्थ आणि उगम कसा खणून काढायचा (ऑक्सिजन हाताशी धरून)

भाची सातवीत होती तेव्हाची गोष्ट. मी मोठ्या तोऱ्यात तिला सांगितलं की ऑक्सिजन हा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ आम्ल तयार करणारा, झालं, घे लिहून. तिने लिहून घेतलं, दोन मिनिटं पेन चावत बसली आणि म्हणाली, "मामा, पण पाण्यात पण ऑक्सिजन असतो ना, मग पाणी आंबट का नाही लागत?"

माझी बोलतीच बंद. बरं नंतर शोधलं तर कळलं की ग्रीक शब्द आहे हे पण मी अर्धवटच सांगितलं होतं, कारण जुन्या काळच्या कुठल्याच ग्रीक माणसाने ऑक्सिजन हा शब्द कधी तोंडातून काढला नव्हता, तो घडवला फ्रान्समधे १८व्या शतकात, फक्त माल ग्रीक वापरला. तेव्हापासून शब्द खणायची सवयच लागली आणि त्यातून एक पद्धत बसत गेली, तीच इथे टाकतोय. ऑक्सिजनवरच करून दाखवतो म्हणजे नुसता उपदेश नको.

सगळ्यात आधी उगम बिगम बाजूला ठेवा आणि शब्दाचा आजचा अर्थ साध्या मराठीत एका ओळीत लिहा. पाठ्यपुस्तकातली व्याख्या उतरवू नका, आपल्या शब्दात लिहा. ऑक्सिजन म्हणजे अणुक्रमांक ८ असलेलं मूलद्रव्य, रंग नाही वास नाही, कोरड्या हवेत साधारण २१ टक्के असतो, आपल्याला श्वासाला लागतो आणि वस्तू जळायला लागतो. आता ही ओळ परत वाचा. हिच्यात आम्ल हा शब्द कुठेच आला नाही, बरोबर? ही ओळ वर लिहून ठेवायची ती एवढ्यासाठीच, की उगम सापडल्यावर आपण हमखास हुरळतो आणि शब्दाचा "खरा अर्थ" हाच असं सांगत सुटतो. माझं तेच झालं होतं. शब्द कुठून आला हा एक प्रश्न आणि आज तो कशाला म्हणतात हा दुसरा, दोन वेगळे कप्पे करा, एकातलं दुसऱ्यात सांडू देऊ नका.

मग शब्द कापायचा. शास्त्रातले बरेच शब्द हे जोडून केलेले असतात, दोन तीन तुकडे आणि मागे एखादं शेपूट. कापताना मराठी अक्षरांवर जाऊ नका, उच्चाराचे तुकडे कुठे पुन्हा पुन्हा भेटतात ते बघा. ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रोजन, हॅलोजन, ग्लायकोजन, कोलॅजन, पॅथोजन, सगळ्यांच्या शेवटी "जन" आहे म्हणजे तो एक तुकडा नक्की. उरलेला "ऑक्सि" हा दुसरा. एका शब्दावर डोकं आपटण्यापेक्षा असे पाच सहा भाऊबंद एका खाली एक लिहिले की काप कुठे मारायचा ते आपोआप दिसतं. हायड्रोजन पाणी तयार करणारा, हॅलोजन मीठ तयार करणारा, ग्लायकोजन गोड तयार करणारा, कोलॅजन सरस म्हणजे डिंकासारखं चिकट ते तयार करणारा, पॅथोजन रोग तयार करणारा. एकदा "जन" कळलं की निम्मी डिक्शनरी फुकटात.

आणि गंमत म्हणजे हा "जन" आपल्या घरचाच आहे. ग्रीक गेन् आणि संस्कृत जन् हे एकाच मूळ धातूपासून आलेत, जन्म, जनक, जननी, जनुक हे सगळे त्यातलेच. जनुक तर बघा, जीन या शब्दाला मराठीत जनुक केलं ते आवाजालाही जुळतं, अर्थालाही आणि कुळालाही. असा प्रतिशब्द लाखात एक.

ऑक्सि म्हणजे ग्रीकमधे ऑक्सुस, आणि इथे घाई करू नका. डिक्शनरीत त्याचा पहिला अर्थ येतो धारदार, टोकदार. मग तीक्ष्ण, मग जिभेला झोंबणारं म्हणून आंबट, आणि शिवाय जलद असाही एक. आपण तिखट हा शब्द मिरचीलाही वापरतो आणि सुरीच्या पात्यालाही, तसंच. म्हणून एखाद्या शब्दात "ऑक्सि" दिसलं की लगेच ऑक्सिजनशी नातं लावायचं नाही. ऑक्सिटोसिन हे हार्मोन घ्या, बाळंतपणात कळा येतात त्यात याचा हात असतो, त्यातलं ऑक्सि म्हणजे जलद आणि टोकोस म्हणजे प्रसूती, म्हणजे जलद प्रसूती. ऑक्सिजनचा तिथे काही संबंध नाही. मी हे एकदा एका ग्रुपवर ठणकावून उलटं सांगितलं होतं, ऑक्सिजन वाढवतं म्हणून ऑक्सिटोसिन, आणि एका डॉक्टरबाईंनी अगदी गोड शब्दात कान उपटला.

आता खरं काम. शब्द कोणी घडवला, कधी, आणि त्यावेळी त्याच्या टेबलावर काय होतं. नुसतं नाव आणि साल मिळवून थांबू नका, तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण नाव ठेवणारा माणूस त्याला त्यावेळी जे दिसत होतं त्यावरून नाव ठेवतो.

ऑक्सिजनच्या बाबतीत तीन माणसं आहेत. स्वीडनचा कार्ल शेले, याने हा वायू आधीच काढला होता पण त्याचं पुस्तक छापून यायला १७७७ उजाडलं, बिचारा. त्याने नाव दिलं होतं आगीची हवा. दुसरा इंग्लंडचा जोसेफ प्रीस्टली. १ ऑगस्ट १७७४ ला याने १२ इंच व्यासाचं भलंमोठं भिंग घेतलं आणि सूर्याचं ऊन पाऱ्याच्या लाल भुकटीवर एकवटलं, त्यातून हवेसारखं काहीतरी निघायला लागलं, ते जमा केलं आणि त्यात मेणबत्ती धरली तर ज्योत साध्या हवेपेक्षा कितीतरी जोरात भडकली. नंतर त्याने त्यात उंदीर ठेवून बघितला, आणि मग स्वतः पण हुंगून बघितलं, छातीत हलकं वाटलं म्हणतो. आपल्याला आज हे वाचताना वाटतं की झालं की, लागला शोध, पण प्रीस्टलीने याला नाव काय दिलं तर फ्लॉजिस्टन काढून घेतलेली हवा. कारण त्या काळी असं मानायचे की जळणाऱ्या वस्तूत फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी असतं, वस्तू जळली की ते निघून हवेत जातं, आणि हवा त्याने भरून गेली की आग विझते. मग ज्या हवेत आग इतकी भडकते ती हवा कशी असणार, तर रिकामी, फ्लॉजिस्टनची भुकेली. त्या समजुतीत हे नाव एकदम चपखल आहे. समजूतच चुकीची होती एवढंच.

तिसरा पॅरिसचा आंत्वान लाव्वाझिए. प्रीस्टली त्याच वर्षी ऑक्टोबरात पॅरिसला गेला होता आणि जेवणाच्या टेबलावर त्याने आपला प्रयोग सांगून टाकला. लाव्वाझिए वजनाचा माणूस, म्हणजे सगळं काट्यावर तोलून बघणारा. गंधक जाळलं तर वजन वाढतं, फॉस्फरस जाळला तरी वाढतं, म्हणजे जळताना काही निघून जात नाहीये, उलट हवेतलं काहीतरी येऊन चिकटतंय. इथपर्यंत अगदी बरोबर. पण त्याने अजून एक गोष्ट बघितली, की गंधक जाळून जे होतं ते पाण्यात विरघळवलं तर आम्ल, फॉस्फरसचं तेच, कोळशाचं पण सौम्य का होईना आम्लच. मग त्याने निष्कर्ष काढला की हवेतला हा जो भाग येऊन चिकटतो तोच आम्लाला आम्लपणा देतो, सगळ्या आम्लांना. म्हणून १७७७ च्या सुमारास त्याने त्याला आम्ल घडवणारं तत्त्व असं ग्रीक तुकड्यांचं नाव दिलं आणि १७८७ ला त्याने आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी मिळून रसायनांच्या नावांची नवी पद्धत छापली त्यात ते नाव ऑक्सिजेन म्हणून पक्कं झालं. हायड्रोजनचं नाव पण त्याच पुस्तकातलं.

एवढं मिळालं की पुढचा टप्पा, नाव कुठे फसलं ते शोधा. प्रत्येक शब्दात मिळेलच असं नाही, पण मिळालं तर तोच सगळ्यात रसाळ भाग असतो. यासाठी एक सोपी चाचणी आहे, नावाचा शब्दशः अर्थ घ्या आणि पहिल्या ओळीतल्या आजच्या अर्थाशेजारी ठेवा, जिथे जुळत नाही तिथे खणा.

तर ऑक्सिजन आम्ल घडवतो, मग मिठापासून जे आम्ल काढतात, आपल्या जठरात असतं तेच, हायड्रोक्लोरिक, त्यात ऑक्सिजन कुठाय? लाव्वाझिएला खात्री होती की असणारच, फक्त अजून वेगळा काढता आला नाही. त्या आम्लापासून मिळणाऱ्या हिरवट पिवळ्या वायूच्या तेव्हाच्या नावात पण ऑक्सि घुसवून ठेवलं होतं. मग इंग्लंडचा रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही आला, त्याने त्या वायूत कोळसा बॅटरीच्या विजेवर पांढरा होईपर्यंत तापवला, कारण ऑक्सिजन असता तर तापलेल्या कोळशाने तो ओढून घेतलाच असता, पण काही म्हणता काही नाही निघालं. १८१० ला त्याने जाहीर केलं की हा वायू हेच मूलद्रव्य आहे, ऑक्सिजन बिक्सिजन काही नाही यात. आणि नाव ठेवताना काय केलं बघा, सरळ रंगावरून ठेवलं, ग्रीक क्लोरोस म्हणजे फिकट हिरवा, म्हणून क्लोरीन. उद्या कोणाची थिअरी खोटी ठरली तरी रंग तर तोच राहणार. दुधाने पोळलेला ताक फुंकून पितो तसं नाव आहे ते, मला फार आवडतं.

उलट कॉस्टिक सोडा घ्या, आम्लाच्या अगदी विरुद्ध टोकाचा, त्यात मात्र ऑक्सिजन आहे. म्हणजे नाव दोन्हीकडून पडलं. भाचीचं उत्तर इथे मिळतं, आम्लाचा आंबटपणा येतो तो पाण्यात सुटणाऱ्या हायड्रोजनच्या आयनांमुळे (आयन म्हणजे विजेचा भार असलेला कण), ऑक्सिजनमुळे नाही, आणि शुद्ध पाण्यात ते आयन फार म्हणजे फारच थोडे सुटतात. खरं तर आम्लजनक हे नाव हायड्रोजनला शोभलं असतं. पण तोवर नाव इतकं रुळलं होतं की बदलायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. लाव्वाझिए स्वतः हे बघायला नव्हता, १७९४ लाच त्याला गिलोटिनवर चढवलं होतं.

कधी कधी नाव दुरुस्त पण करतात हां. व्हिटॅमिनचं बघा. कासिमिर फुंकने १९१२ ला शब्द काढला व्हिटामाईन, व्हिटा म्हणजे जीवन आणि अमाईन हा नायट्रोजनवाला एक रासायनिक प्रकार, त्याला वाटलं हे सगळे पदार्थ अमाईनच असणार. पुढे कळलं की नाहीत. मग १९२० ला इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं e हे अक्षर उडवलं, अमाईनचा दावा गेला आणि शब्द वाचला. शब्दाच्या स्पेलिंगमधे असं काही विचित्र दिसलं, एखादं अक्षर असायला हवं तिथे नाही किंवा असायला नको तिथे आहे, की समजायचं इथे काहीतरी घडलेलं आहे.

आता मराठी बाजू, आणि इथे लोक सगळ्यात जास्त घसरतात. प्रतिशब्द करणाऱ्याने काय उचललं हे बघायचं, मूळ नावाचा शब्दशः अर्थ, की वस्तूचं काम, की नुसता आवाज. जर्मनमधे ऑक्सिजनला झाउअरश्टॉफ म्हणतात म्हणजे आंबट द्रव्य, बंगालीत अम्लजान, म्हणजे यांनी लाव्वाझिएची चूक जशीच्या तशी भाषांतर करून घरात आणली. मराठीने केलं प्राणवायू, म्हणजे काम बघितलं, आंबटपणा बघितलाच नाही, त्यामुळे आपलं नाव आजही खोटं पडत नाही. हायड्रोजनला मात्र जुन्या पुस्तकात उद्जन म्हणायचे, उद म्हणजे पाणी, ते सरळ भाषांतर. नायट्रोजनचं नत्र आणि कार्बनचं कर्ब हे आवाज धरून केलेत. फॉस्फरसला स्फुरद, मूळ ग्रीक अर्थ प्रकाश वाहून आणणारा आणि स्फुरणे म्हणजे लकाकणे, म्हणजे अर्थ पण आला आणि फ-स-र चा आवाज पण थोडासा आला, कोणी केला असेल त्याला सलाम.

पण प्राणवायूत एक खड्डा आहे तो सांगूनच ठेवतो. प्राण, अपान, व्यान, उदान, समान हे पाच वायू योगाच्या आणि आयुर्वेदाच्या ग्रंथात शेकडो वर्षांपासून आहेत आणि तिथला प्राणवायू म्हणजे शरीरात फिरणारी एक शक्ती. १९व्या २०व्या शतकात ऑक्सिजनसाठी शब्द हवा होता तेव्हा हा तयार शब्द उचलला. त्यामुळे जुन्या ग्रंथात प्राणवायू दिसला की "बघा आपल्याला ऑक्सिजन आधीच माहीत होता" असे जे फॉरवर्ड येतात ना, ते उलटीकडून वाचलेलं असतं. जुना शब्द नव्या वस्तूला दिला, नवी वस्तू जुन्या शब्दात लपलेली नव्हती. अणूचं पण तसंच, आणि तिथे तर अजून एक गोंधळ, मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल, हिंदीत परमाणु म्हणजे ॲटम आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल. हिंदी व्हिडिओ बघून मराठीत नोट्स काढणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीवर चिकटवा.

सारखे दिसणारे शब्द दिसले की आपल्याला लगेच संस्कृतवरून आलाय म्हणायची घाई असते. थांबा. शक्यता तीन असतात. एक, दोघांचा पूर्वज एकच, जसं व्हायरस आणि विष, लॅटिन व्हायरसचा अर्थ विषच आणि संस्कृत विषाशी त्याचं नातं आहे, चुलत भाऊ, बापलेक नाही. किंवा आयन आणि आपल्या उत्तरायणातलं अयन, ग्रीक आयन म्हणजे जाणारा आणि अयन म्हणजे जाणं, हे पण लांबचे भाऊ. दोन, एकाने दुसऱ्याकडून घेतलाय, कर्ब हा कार्बनवरून केला तसं. तीन, निव्वळ योगायोग. कुठली शक्यता ते कानाने ठरत नाही, डिक्शनरीतच बघावं लागतं.

डिक्शनरी कुठली म्हणाल तर मी तीन चार टॅब उघडून बसतो. इंग्रजी शब्दाचा उगम बघायला एटिमऑनलाईन फुकट आहे आणि पहिल्या झटक्याला पुरतं. शब्द पहिल्यांदा कुठे कधी छापला गेला हे बघायचं असेल तर ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी. मराठी विश्वकोश ऑनलाईन आहे, जुन्या नोंदीत जुने प्रतिशब्द सापडतात. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पण नेटवर शोधता येतात. आणि मोल्सवर्थ, म्हणजे मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश, याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, त्यात अणू किंवा प्राण बघा म्हणजे शाळेच्या विज्ञानात शिरण्याआधी मराठी माणूस तो शब्द कसा वापरायचा ते कळतं, यासाठी मोल्सवर्थला तोड नाही. दोन ठिकाणी वेगवेगळं सापडलं तर जास्त मसालेदार गोष्ट सोडून द्या, बहुतेक वेळा तीच खोटी असते.

शेवटी एक शब्द भरभर करून दाखवतो, ज्यात तुकडे पाडून काहीच हाती लागत नाही. साईन, त्रिकोणमितीतला. आजचा अर्थ, काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू भागिले कर्ण. डिक्शनरीत बघितलं तर लॅटिन सायनस, म्हणजे खोलगट जागा, खाडी, कपड्याची चुणी, छातीपाशी पडणारा घोळ. सर्दीत भरतं ते नाकाजवळचं सायनस पण हेच. आता चुणीचा आणि त्रिकोणाचा काय संबंध? अर्थ अजिबात जुळत नाही तेव्हा समजायचं मधे कुठेतरी भाषांतर झालंय, आणि एक भाषा मागे जायचं. १२व्या शतकात हे गणित अरबीतून लॅटिनमधे नेलं, अरबीत शब्द होता जैब, अर्थ तोच, कपड्याचा घोळ. अजून जुळत नाही, अजून एक मागे. अरबांनी हे घेतलं होतं संस्कृतमधून, तिथे शब्द ज्या, जीवा, म्हणजे धनुष्याची दोरी. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास अर्ध्या ज्येचं कोष्टक दिलं. वर्तुळाचा तुकडा काढा, कमान म्हणजे धनुष्य, दोन टोकं जोडणारी रेघ म्हणजे दोरी, तिचा अर्धा भाग म्हणजेच आपलं साईन, चित्र काढलं की एका सेकंदात दिसतं. अरबांनी जीवा हा शब्द आवाजासकट जीबा म्हणून उचलला, पण अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, आणि त्या अक्षरांचा त्यांच्या भाषेत ओळखीचा शब्द होता जैब, पुढच्यांनी तोच वाचला आणि लॅटिनवाल्याने इमानदारीत त्याचं भाषांतर केलं. तोच जैब फारसीतून हिंदीत आला तो जेब, म्हणजे खिसा. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती अकरावीत होती, तिने वहीत साईन थीटाच्या शेजारी एक छोटा खिसा काढला आणि त्यातून बाहेर आलेली धनुष्याची दोरी.